जाळीच्या बाहेरचा रंग

प्रिय ताई,

पाकीट हातात पडल्यावर तू घाबरली असशील, म्हणून आधीच सांगून टाकतो: इकडे सगळे ठणठणीत आहेत, कुणाचं काही बरंवाईट झालेलं नाही. फोनवर आपलं दोघांचं हल्ली धड जमत नाही. मी एक सांगायला जातो, तू बरं बरं म्हणतेस आणि ठेवून देतेस. मग मी इथे फुरंगटून बसतो आणि आमची ही मला चहा देऊन समजूत घालते. तेव्हा म्हटलं, बसावं आणि सविस्तर लिहावं. फक्त एक विनंती. तुझा सगळा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेला आहे हे मला मान्य आहे, पण या पत्रातले ऱ्हस्वदीर्घ लाल पेनानं दुरुस्त करून मला परत पाठवू नकोस. मी वसतिगृहात असताना एकदा तू तसं केलं होतंस आणि ते पत्र माझ्या आधी खोलीतल्या सगळ्यांनी वाचलं होतं.

विषय रंगाचा आहे. आपल्या घरात रंगातलं आणि शाईतलं तुझ्याइतकं कुणाला कळत नाही, म्हणून हे तुलाच सांगायला हवं. आमच्या तलवारबाजीच्या क्लबात यंदा मास्कच्या रंगावरून मोठा घोळ झाला. मास्क तुला आठवत असेल. तू पहिल्यांदा हॉलवर आलीस तेव्हा त्याला पिठाची चाळणी म्हणाली होतीस आणि पोरं दिवसभर हसत होती. तीच ती चाळणी: चेहऱ्यासमोर बारीक पोलादी तारांची जाळी, गळ्याखाली जाड कापडाची झूल, मागे डोक्याला धरून ठेवणारा पट्टा. या जाळीतून समोरच्याला बघायचं आणि त्याच्या तलवारीचं टोक आपल्याला लागायच्या आत आपलं त्याला लावायचं. बाकी सगळं नंतरचं, आधी दिसलं पाहिजे. आमच्या क्लबातले मास्क म्हणजे भंगारच. कुणी दिलेले, कुणी सोडून गेलेले, एक काळा, एक राखाडी, एकाचा रंग उडून नुसती तार उरलेली. स्पर्धेला गेलो की आमची पोरं वेगवेगळ्या घरांतून पळवून आणल्यासारखी दिसायची.

आता मुंगीची ओळख करून देतो, कारण सगळं तिच्यावरूनच आहे. मुंगी सातवी-आठवीतली पोर. अंगानं किडकिडीत, आणि आमच्या त्या अरुंद लांब पट्टीवर अशी नाकासमोर चालत येते की पहिल्याच आठवड्यात पोरांनी तिचं नाव मुंगी पाडलं. तिला लहानपणापासून कमी ऐकू येतं. कानात मशीन असतं, त्याच्या जोरावर ती शाळेत चारचौघांसारखी वावरते. पण मास्क चढवला की त्याचं अस्तर मशीनवर दाबलं जातं आणि मशीन शीळ घालायला लागतं. म्हणून पट्टीवर जायच्या आधी ती मशीन काढून एका डबीत ठेवते, डबी आईकडे देते आणि मग मास्क घालते. तिची आई परिचारिका आहे, कामावरून परस्पर येते आणि डबी हातात घेऊन कोपऱ्यात बसून राहते. म्हणजे खेळताना आणि शिकताना मुंगीला जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मी तिला एकटीला धडा देताना अर्थातच मीही मास्क घालून समोर उभा असतो, आणि मला वाटायचं की पोर माझ्या पात्याकडे आणि मनगटाकडे बघून शिकते आहे. तोंडानं मी आपला सवयीनं बडबडत असायचो, हात आधी, पाय मागून, थांब, आता, पुन्हा. ते सगळं हवेत जातंय असं मी धरून चाललो होतो. तरी ती इतकी झपाट्यानं शिकली की मला माझ्याच मनगटाचा गर्व वाटायला लागला.

तर, रंग. आमच्या क्लबाचा चिटणीस गॅरेजवाला आहे, गाड्यांना डेंटिंग-पेंटिंग करून देतो. माणूस सोन्यासारखा, पण त्याच्या हातात स्प्रेगन आली की त्याला कुठलीच वस्तू जुनी बघवत नाही. क्लबाच्या वर्धापनदिनाच्या आधी त्यानं सगळे मास्क गोळा करून गॅरेजवर नेले आणि परत आणले ते भडक पिवळे. क्लबाचा रंग पिवळा, म्हणून. जाळीची भोकं बुजू नयेत म्हणून त्यानं कॉम्प्रेसरची हवा मारून एकेक मास्क साफ केला होता. आणि मनापासून काम करणारा माणूस असल्यामुळे बाहेरून रंगवून थांबला नाही, आतूनही तितक्याच प्रेमानं पिवळा केला. मास्क ओळीनं मांडले तेव्हा आईबापांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. पोरांनी ते घातले आणि पाच मिनिटांत एकेक जण डोळे चोळत बाहेर. कुणालाच समोरचं नीट दिसेना.

यातली गंमत तुला एका वाक्यात कळेल. आमच्या हॉलच्या एका अंगाला उंच खिडक्या आहेत आणि वर ट्यूबलाइटच्या रांगा. जाळीची आतली बाजू फिकट किंवा चकचकीत असली की तो उजेड तारांवर पडून डोळ्यांत येतो आणि माणसाला समोरचा दिसायच्या ऐवजी जाळीच दिसते. दिवसाउजेडी पांढऱ्या पडद्याआडून रस्ता बघण्याचा प्रयत्न कर, तसंच. आतून काळा असला की तार उजेड गिळते, डोळा तिला विसरतो आणि थेट पलीकडे जातो. म्हणून मास्क आतून काळेच असतात. इतकी वर्षं मी ते डोक्यावर चढवतोय आणि का काळे ते कधी डोक्यात आलं नव्हतं. चिटणीसानं कपाळावर हात मारून घेतला, सगळे मास्क पुन्हा नेले आणि आतून काळे करून आणले. बाहेरून पिवळे, आतून काळे. पोरांना आता लख्ख दिसायला लागलं. चिटणीस दोन दिवस हॉलभर छाती काढून हिंडला आणि आम्ही सगळ्यांनी विषय मिटला असं समजून टाकलं.

सगळ्यांचा मिटला, मुंगीचा मिटला नाही. तिला पिवळ्या मास्कातून सगळ्यांइतकंच स्वच्छ दिसत होतं, मी स्वतः तिचा मास्क घालून खात्री करून घेतली. तरी पोरीचा खेळ दिवसेंदिवस उतरत चालला. धड्यात मी एक करायला सांगावं आणि तिनं भलतंच करावं. थांब म्हटलं की यायची, ये म्हटलं की उभीच. माझं पातं आधी हलेल आणि मग आपण हलू अशी वाट बघत राहायची, आणि तलवारबाजीत वाट बघितली की संपलंच. आंतरक्लब संघाची निवड चाचणी तोंडावर आली होती. संघात जागा मोजक्याच असतात आणि मुंगीची जागा आदल्या मोसमात सगळ्यांनी गृहीत धरली होती. आता चिटणीस म्हणायला लागला की मागच्या वर्षीचं पदक पोरीच्या डोक्यात गेलंय. दुसऱ्या एका मुलीचे वडील म्हणाले, या वयात मुलींचं लक्ष उडतंच. मी काहीच म्हणत नव्हतो, पण धड्यात माझा आवाज चढत होता, आणि जिला आवाज जात नाही तिच्यावर आवाज चढवणं म्हणजे शहाणपणाची कमालच.

एक दिवस मुंगीनं धडा अर्धा टाकला, मास्क काढून बाकावर ठेवला आणि आईकडून डबी घेऊन सरळ बाहेर जाऊन पायरीवर बसली. आईनं मला बाजूला घेतलं. ती कधी जास्त बोलत नाही, त्या दिवशी बोलली. म्हणाली, ही घरी जेवत नाही, विचारलं तर मूग गिळून बसते, मला नुसतं सांगते की मला आता खेळता येत नाही. आजवर या पोरीला जिथे जिथे पाठवलं तिथून ती कुणाशी तरी न पटून परत आलेली आहे, फक्त इथे टिकली होती. आता इथेही रडत यायचं असेल तर मी तिला ओढत आणणार नाही. चाचणी होईपर्यंत बघू, नंतर बंद. ताई, तिनं अगदी शांतपणे सांगितलं, त्यामुळे मला ते जास्त लागलं. मी घरी येऊन जेवलो नाही. आमची ही म्हणाली, तुझी स्वतःची पोर असती तर इतका कावला नसतास. खरंच आहे तिचं.

पुढचं मात्र निव्वळ योगानं झालं, त्यात माझी अक्कल शोधू नकोस. माझ्या पिवळ्या मास्कचा मागचा पट्टा ऐन धड्याच्या वेळी तुटला. दुसरा मास्क शोधायला सामानाच्या खोलीत गेलो, तर तिथे झाडलोट करणाऱ्या मावशींच्या दुधाच्या पातेल्यावर एक जुना काळा मास्क उपडा घातलेला. मांजर तोंड घालू नये म्हणून. मावशींनी तो गेल्या वर्षीच झाकण म्हणून ताब्यात घेतला होता, त्यामुळे तो गॅरेजवर गेलाच नव्हता आणि रंगाच्या तडाख्यातून वाचला होता. मी मावशींची बोलणी खाऊन तो उचलला, पुसला आणि घातला. उतू गेलेल्या दुधाचा वास येत होता. मुंगीला आईनं कशीबशी पट्टीवर उभी केली होती. मी सुरुवात केली, आणि ताई, पोर परत आली! हात आधी म्हणताच हात आधी, थांब म्हणायची खोटी की जागच्या जागी. कोपऱ्यात तिची आई उठून उभी राहिली. मला वाटलं, चला, मूड सुधारला. दुसऱ्या दिवशी पट्टा शिवून पिवळा मास्क घालून गेलो, आणि पुन्हा पहिले पाढे.

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. तिसऱ्या दिवशी दोन्ही मास्क घेऊन गेलो. आधी पिवळा घातला, आणि तिच्यासमोर उभा राहून, आवाज अजिबात न काढता, नुसत्या ओठांनी म्हटलं की तुझ्या बुटाची नाडी सुटली आहे. मुंगी ढिम्म. मास्क बदलला, काळा घातला आणि तेच पुन्हा, आवाज न काढता. तिनं मान खाली घालून बुटाकडे बघितलं. खात्रीसाठी आणखी एक फेकलं, की मावशींचं मांजर तुझ्या पिशवीत शिरलंय. ती गर्रकन वळून बाकाकडे धावली. मग अर्ध्यातच थांबली, हळूच मागे बघितलं, आणि तिचा चेहरा चोरी पकडली गेल्यासारखा झाला.

पोर इतके दिवस पात्याकडे बघतच नव्हती. ती जाळीच्या आत माझ्या ओठांकडे बघत होती. आतून-बाहेरून काळ्या जाळीचं तसंच असतं, आतल्याला बाहेरचं दिसतं आणि आतल्याच्या तोंडावर उजेड असला तर बाहेरच्यालाही आतलं दिसतं. पण बाहेरून पिवळा चढवला की खिडकीचा उजेड त्या पिवळ्यावरच अडतो आणि समोरच्याला नुसती पिवळी भिंत दिसते. तुझ्या भाषेत सांगायचं तर आम्ही मजकुरावरच रंगाचा हात फिरवून ठेवला होता. आतून काळा केल्यावर माझी सोय झाली, कारण आतला रंग माझ्या डोळ्यांसमोर होता. बाहेरच्या रंगाचा त्रास ज्या एकटीला होता तिला कुणी विचारलंच नाही, आणि तिनं सांगितलं नाही.

का नाही सांगितलंस, असं विचारल्यावर तिनं ताकास तूर लागू दिली नाही. शेवटी आईनं काढून घेतलं. शाळेत एकदा परीक्षेच्या वेळी दोन मुली लांबच्या बाकांवरून ओठ हलवून एकमेकींना उत्तरं सांगत होत्या. मुंगीनं ती बसल्या जागेवरून वाचली, पकडली गेली आणि तिला कॉपी केली म्हणून शिक्षा झाली. तेव्हापासून तिच्या मनात पक्कं की लांबून कुणाचं तोंड वाचणं म्हणजे चोरी. आमच्याकडेही ती गुपचूप चोरीच करते आहे, बाकीची पोरं बिचारी बघून शिकतात, असं ती समजत होती. त्यामुळे मास्क पिवळे झाल्यावर तिला वाटलं की आता आपलं पितळ उघडं पडलं, आपण कधी खरं शिकलोच नव्हतो. पोरीनं एवढं ओझं एकटीनं वाहिलं आणि आम्ही म्हणत होतो पदक डोक्यात गेलंय. मला इतकी लाज वाटली आणि त्याच वेळी इतकं हसू आलं की काय करावं ते समजेना. हसू अशासाठी, की माझं जाळीआडचं सगळं बोलणं तिनं आजवर वाचलेलं होतं. गुडघ्याच्या नावानं शिव्या, चिटणीसाला रंगारी म्हटलेलं, घरी जाताना काय काय आणायचं त्याची उजळणी, बेसूर गाणी. तुझ्याबद्दलही बरंच काही होतं, ते इथे लिहीत नाही.

मग आम्ही कामाला लागलो. माझा मास्क बाहेरूनही काळा करून घेतला. चिटणीसाला ते फार जड गेलं, क्लबाच्या रंगाचा प्रश्न होता, पण कारण समजल्यावर त्यानं स्वतः जाळीवर मॅट काळा मारला आणि कडेला एक पिवळी रेघ तेवढी माझ्या परवानगीनं ठेवली. मी खिडक्यांकडे तोंड करून उभा राहायला लागलो, म्हणजे उजेड माझ्या तोंडावर पडावा. त्यामुळे मला समोरचं नीट दिसत नाही आणि रोज दोन-चार ठिकाणी भोसकला जातो, पण ठीक आहे. आणि ताई, चाचणीच्या दिवशी माझी मिशी गेलेली तू बघितलीस, ती मी यासाठीच काढली. हो, तीच. तू झाडू म्हणायचीस ती. वरचा ओठ दिसत नाही अशी मुंगीची तक्रार होती. तुझ्या इतक्या वर्षांच्या विनवणीला जे जमलं नाही ते एका पोरीनं एका वाक्यात केलं. आमची ही दारात मला बघून घाबरली, मग म्हणाली की बरा दिसतोस, मग म्हणाली की वर्षानुवर्षं फुकट घालवलीस.

चाचणीला तू आलीस याचा मला किती आनंद झाला हे त्या धावपळीत सांगायचं राहिलं. ती सामन्यात उतरते तेव्हा मी पट्टीच्या टोकाला मास्कशिवाय उभा असतो, त्यामुळे तिथे तिची अडचण नव्हतीच. अडचण होती ती वाया गेलेल्या धड्यांची. ते काही सगळे भरून निघाले नाहीत. शेवटचा सामना ती हरली, तू बघितलंच, अगदी थोडक्यात हरली. तरी राखीव म्हणून संघात आली. यादी लागल्यावर तिनं आईला काय म्हटलं ते आईनं मला सांगितलं: माझी बॅग इथेच कपाटात राहू दे, रोज न्यायला-आणायला कंटाळा येतो. आईनं कपाटाला कुलूप आणलं. माझ्या जिवात जीव आला.

त्यानंतर जे झालं त्याबद्दल घरात बरंच बोललं गेलं, तेही तुझ्यापासून लपवत नाही. चाचणी आटोपल्यावर चिटणीसानं क्लबाच्या वर्धापनदिनाची फिल्म लावली, हॉलमधले दिवे बंद केले आणि पडद्याशेजारी उभा राहून माइकवर बोलायला लागला. तू पर्स उचललीस आणि कुणालाही न सांगता निघून गेलीस. आमच्या हीनं तुझ्यासाठी जागा धरून ठेवली होती, चहा सांगितला होता, तिला फार लागलं. तुझा मुलगा म्हणाला, आईचं हल्ली असंच असतं, मनात आलं की उठते, आम्ही बोलायचंच सोडून दिलंय. सूनबाई म्हणाली की काही विचारलं तर उत्तर देत नाहीत, दिलं तर तोडून देतात. मीही मान हलवली. ताई आता म्हातारपणी तापट झाली, असं मीही इतक्यात दोन-तीनदा बोलून गेलो आहे.

परवा धडा संपल्यावर मुंगीनं मशीन कानात घातलं आणि मला म्हणाली, सर, तुमच्या ताई रागावून नव्हत्या गेल्या, दिवे गेले म्हणून गेल्या. मी म्हटलं म्हणजे काय. तर म्हणाली, त्यांना ऐकू येत नाही, त्या तोंडं बघतात. मी खेळाडूंच्या बाकावरून बघत होते. तुमच्या घरच्या काकू बाजूनं बोलल्या की त्यांना कळायचंच नाही, समोरून बोलल्या की कळायचं. सगळे हसले की त्या जरा उशिरा हसायच्या. आणि अंधार झाल्यावर एवढी माणसं बोलत असतात आणि एकाचंही तोंड दिसत नाही, तेव्हा मलाही तिथून पळून जावंसं वाटतं. एवढं बोलून ती बॅग ठेवायला निघून गेली. मला छापखान्यातली ती धडधडणारी यंत्रं आठवली, त्यांच्या शेजारी तू उभा जन्म काढलास. गेल्या महिन्यात मी तुझ्या दारात बेल दाबून दाबून परत फिरलो होतो, दाराजवळच्या खिडकीतून तू आत हिंडताना दिसत होतीस, आणि मी जिना उतरताना तुला नाही नाही ते बोललो होतो. ताई, मी तुला खरं का खोटं विचारत नाही आणि का लपवलंस तेही विचारत नाही, मुंगीनं का लपवलं ते मी ऐकलं आहे. घरात अजून कुणाला सांगितलेलं नाही, तू म्हणशील तेव्हा सांगू. मुंगीची आई रुग्णालयात कानाच्या विभागात आहे, ती तुला स्वतः आत घेऊन जाईल, मी सोबत असेन. आणि मशीनचा उपयोग नाही झाला तरी चालेल, मी समोर बसून सावकाश बोलेन, उजेडात बोलेन, तू मला हवी आहेस. रविवारी सकाळी येतो. बेल वाजवणार नाही. तुझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर, रस्त्याच्या पलीकडे, तुला दिसेल असा उभा राहतो. तू बाहेर बघेपर्यंत हलणार नाही.

तुझाच,
ढोल्या